जाता येत असूनही

६ ऑगस्ट १९९७ रोजी बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्ज मंचावर बोलत होते आणि त्यांच्या मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांचा चेहरा उमटला. सभागृहात हुर्यो उठली. त्या सभेचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. टाळ्याही ऐकू येतात, पण लक्षात राहते ती हुर्यो.

ॲपल तेव्हा बुडायच्या बेतात होती. त्या आर्थिक वर्षात तिला एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवायचे, मॅकसाठी ऑफिस हे सॉफ्टवेअर पुढची पाच वर्षं काढत राहायचं आणि मॅकवर मूळचा ब्राउझर म्हणून इंटरनेट एक्स्प्लोरर यायचा, असं ठरलं होतं. दोघांमधले पेटंटचे वादही त्यात मिटणार होते. ॲपलने जिंकायचं तर मायक्रोसॉफ्टने हरलंच पाहिजे, ही समजूत आता टाकून द्यायला हवी, असं जॉब्जनी श्रोत्यांना समजावलं.

हुर्यो करणाऱ्या त्या माणसांविषयी मला कायम कुतूहल वाटत आलं आहे. जगभरच्या कचेऱ्या विंडोजवर चालत असताना त्यांनी पदरचे पैसे घालून मॅक घेतला होता, त्याच्या बाजूने वर्षानुवर्षं वाद घातले होते. कंपनी वाचणार ही त्यांच्यासाठी आनंदाची बातमी. पण ज्याच्याशी इतकी वर्षं भांडलो, त्याच्याच पैशांवर ती वाचणार, हे त्यांना पचत नव्हतं. जॉब्जना जो व्यवहार दिसत होता, तो त्यांना फितुरी वाटत होता.

हे भांडण आपल्या घरांतही आलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाळीच्या फराळाला चार भावंडं जमली आणि कुणीतरी नवा फोन खिशातून काढला की विषय निघतोच. तुझ्या फोनचा कॅमेरा रात्रीचा काय फोटो काढतो ते दाखव. तुझा दोन वर्षांत हँग होतो, माझा पाच वर्षं तसाच चालतोय. तेवढ्या पैशांत माझ्यासारखे तीन फोन आले असते. पाहता पाहता आवाज चढतात, आणि चकलीची बशी हातात घेऊन आई म्हणते, अरे, फोनच आहे ना तो! दोन्ही बाजू जे बोलतात त्यात तथ्य असतं. कॅमेरा, बॅटरी, अपडेट किती वर्षं मिळणार, दुरुस्तीला किती लागणार, जुना फोन विकताना काय येणार, हे सगळं मोजून बघता येतं आणि बघावंही. पण मोजण्याचा मुद्दा संपल्यावरही वाद चालू राहतो. तिथून पुढे तो फोनचा राहत नाही, आपण कोण आहोत याचा होतो.

या वादात सहसा विचारला न जाणारा एक प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपण एका कंपनीजवळ वर्षानुवर्षं थांबतो, ते तिची वस्तू आवडते म्हणून, की निघता येत नाही म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. विक्रीच्या आकड्यांतही दोन्ही एकाच रकान्यात जातं आणि त्याला ब्रँडनिष्ठा असं नाव मिळतं. दोन्हींमध्ये फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे.

आधी कंपन्यांचं आपापसातलं नातं कसं असतं, ते पाहू. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर खटला भरला. आमच्या फोनचं रूप आणि वापरण्याची पद्धत उचलली, असा आरोप होता. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे न्यायाधीश लूसी को यांच्यासमोर सुनावणी झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने सॅमसंगने सुमारे १०५ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, परत खाली आलं, मे २०१८ मध्ये दुसऱ्या ज्युरीने रक्कम ५३ कोटी ९० लाख डॉलर ठरवली आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी समझोता केला. सात वर्षं जगभरचे चाहते या खटल्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. त्याच सात वर्षांत सॅमसंग ॲपलला सुटे भाग पुरवत होती. २००७ च्या पहिल्या आयफोनचा प्रोसेसर सॅमसंगचा होता. पुढे ॲपलने स्वतः आराखडा केलेल्या ए-४ पासून ए-७ पर्यंतच्या चिपाही सॅमसंगच्या कारखान्यात तयार झाल्या. २०१७ च्या आयफोन टेनचा ओलेड पडदाही सॅमसंगचाच. कोर्टात एक टेबल आणि खरेदी विभागात दुसरं, अशा दोन टेबलांवर या दोन कंपन्या एकाच वेळी समोरासमोर बसत होत्या.

लंडनमध्ये याच भांडणाची एक शाखा चालली. न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी जुलै २०१२ मध्ये सॅमसंगच्या बाजूने निकाल दिला. तिचा गॅलॅक्सी टॅब आयपॅडइतका रुबाबदार नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दोघांत गोंधळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सॅमसंग जिंकली ती या कारणाने. त्या आठवड्यात सॅमसंगच्या चाहत्याने आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं?

गुगल आणि ॲपल यांची गोष्ट याहून मोठी. अँड्रॉइड की आयफोन या वादातले हे दोन मूळ पक्ष. अमेरिकी सरकारने गुगलवर मक्तेदारीचा जो खटला चालवला, त्यात बाहेर आलं की आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये शोधयंत्र म्हणून आपणच असावं यासाठी गुगलने एकट्या २०२२ या वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ च्या निकालात गुगलची ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. म्हणजे आयफोनवाला मोठ्या अभिमानाने म्हणतो की मी गुगलच्या तावडीत नाही, आणि त्याच वेळी त्याच्या प्रत्येक शोधातून गुगलला गिऱ्हाईक आणि ॲपलला त्याचा मोबदला मिळत असतो.

जाहिरातीत मात्र कंपन्या चाहत्यांचीच भाषा बोलतात. आयफोनमधली हेडफोनची खाच २०१६ मध्ये गेली, तेव्हा सॅमसंगने तिची जाहीर थट्टा केली. २०१९ च्या नोट टेनमध्ये सॅमसंगनेही ती खाच काढली. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला. आमच्या फोनसोबत चार्जर मिळतो, असं सॅमसंगने लगेच समाजमाध्यमांवर लिहिलं. डिसेंबरात तो मजकूर नाहीसा झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये गॅलॅक्सी एस-२१ चार्जरविना बाजारात आला. त्या मधल्या दोन-तीन महिन्यांत ज्यांनी सॅमसंगच्या वतीने मित्रांशी वाद घातला, त्यांना कंपनीने उघड्यावर सोडलं. मला हे खटकतं. ही माणसं कंपनीचं काम फुकट करत असतात आणि कंपनीला त्याचं काही देणं लागत नाही.

तरी या चाहत्यांना वेड्यात काढणं मला मान्य नाही. त्यांच्यात काहीतरी खरं असतं. अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओग्विन या दोन अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. साब मोटारी, फोर्डची ब्रॉन्को आणि मॅकिंटॉश संगणक बाळगणाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की या माणसांत एक बिरादरी तयार होते. तिचे रीतिरिवाज असतात, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, नवख्याला मदत करणं हे कर्तव्य मानलं जातं. आणि ही बिरादरी अनेकदा विरोधातून घट्ट होते: आपण कोण, याहून आपण कोण नाही, हे तिला अधिक स्पष्ट ठाऊक असतं. बॉस्टनच्या हुर्योमागे हेच होतं.

पुढे म्युनिझ यांनी होप शाऊ यांच्यासह न्यूटनच्या वापरकर्त्यांवर लिहिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं ते सर्वांत हृद्य प्रकरण आहे. न्यूटन म्हणजे ॲपलने १९९३ मध्ये काढलेला हातात धरायचा संगणक. पडद्यावर लेखणीने लिहायचं आणि त्याने अक्षर ओळखायचं. सुरुवातीला तो अक्षर इतकं चुकीचं वाचायचा की त्याच्यावर व्यंगचित्रं निघाली. पुढच्या आवृत्त्या पुष्कळ सुधारल्या, पण फेब्रुवारी १९९८ मध्ये जॉब्जनी तो बंदच करून टाकला. पुढे सुटे भाग नाहीत, नवं सॉफ्टवेअर नाही, कंपनीचा आधार नाही. तरीही हजारो माणसं तो वापरत राहिली. बॅटऱ्या स्वतः उघडून नवे सेल घालणं, वायफायसाठी लागणारी सॉफ्टवेअरं लिहिणं, मेलेला न्यूटन जिवंत कसा झाला याच्या चमत्कारकथा एकमेकांना सांगणं, हे सगळं त्यांनी आपापसात चालवलं. २०१० साल उजाडलं तेव्हा त्या यंत्रातली तारखेची एक त्रुटी उघडी पडली. तिच्यावरचा उपायही एका वापरकर्त्यानेच लिहून सगळ्यांना दिला.

इथे कंपनीने बांधून ठेवलेलं काही नव्हतं. उलट कंपनीने हात झटकले होते. बाजारात पामसारखी नवी, स्वस्त यंत्रं होती. जायला वाट मोकळी होती आणि लोक थांबले. याला निष्ठा म्हणायला माझी काही हरकत नाही.

आपल्याकडे अशी गोष्ट नोकियाची. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाईल सुरू झाला. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मोबाईल शिपायापासून शेतकऱ्यापर्यंत पोचला. नेमक्या त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. धूळ जाऊ नये असा एकसंध कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये अशी खडबडीत कड आणि डोक्यावर टॉर्च. महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षं होती. गावांमध्ये रात्र रात्र वीज नसायची, आणि मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्याच्या हातात ११०० चा उजेड असायचा. जगभरात हा फोन २५ कोटींहून अधिक विकला गेला. पाण्यात पडला, पुसून उन्हात ठेवला, चालू झाला. गाडीखाली गेला, बॉडी बदलली, चालू झाला. अशा कथा घराघरात होत्या. मुलीला पहिल्यांदा हॉस्टेलवर पाठवताना वडील दुकानात जाऊन एवढंच म्हणायचे, नोकियाच द्या. चार्जरही एकमेकांना चालायचे. बारीक पिनचा आहे का, एवढंच विचारायचं. शेजारी, एसटी कँटीनमध्ये, पानपट्टीवर तो मिळून जायचा.

२००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांमागे जवळपास चार नोकियाचे होते. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ पासून कंपनीचा कारखाना होता. आणि मग अवघ्या सहा-सात वर्षांत सगळं आटोपलं. फेब्रुवारी २०११ मध्ये नवे प्रमुख स्टीफन एलप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं की आपण जळत्या तेलमंचावर उभे आहोत. सिंबियन ही आपली कार्यप्रणाली सोडून कंपनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनकडे वळली. २०१४ मध्ये मोबाईलचा व्यवसाय सुमारे ७२० कोटी डॉलरला मायक्रोसॉफ्टकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ७६० कोटी डॉलर तोटा म्हणून लिहून टाकले. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. टिमो वूओरी आणि क्वी हुई या अभ्यासकांनी नंतर कंपनीतल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा दिसलं की मधल्या फळीतले लोक वरिष्ठांना वाईट बातमी सांगायलाच घाबरत होते.

इतकं प्रेम असलेल्या कंपनीला लोकांनी इतक्या चटकन कसं सोडलं? अँड्रॉइड आणि आयफोन सरस होते हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. त्या काळात फोन बदलणं फार सोपं होतं. नंबर सिमकार्डात असायचे. जुन्या फोनचं झाकण उघडून सिम काढलं, नव्यात घातलं, झालं. फोटो नव्हते, चॅट नव्हती, विकत घेतलेली ॲप्स नव्हती. नोकियाने आपल्याला अडवण्याची सोयच केली नव्हती. जोवर आवडली तोवर लोक राहिले, दुसरीकडे बरं दिसलं तेव्हा उठून गेले. मनातला ओलावा मात्र राहिला. २०१७ मध्ये ३३१० हे नाव नव्या साध्या फोनला दिलं गेलं तेव्हा बातम्यांतून, गप्पांतून तो जाणवला. नोकियाच्या लोकांना ही गोष्ट दुःखद वाटत असेल. मला ती गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्यातल्या निकोप नात्याची वाटते.

नोकियाच्या जागी आलेल्या कंपन्यांनी मात्र वाट अशी मोकळी ठेवली नाही.

२०१४ मध्ये ॲपल आणि सॅमसंग यांच्यातला दुसरा खटला चालला, तेव्हा जॉब्ज यांची एक ईमेल पुराव्यात आली. ऑक्टोबर २०१० मधली. कंपनीच्या वरिष्ठांच्या बैठकीची ती विषयपत्रिका होती. गुगलशी धर्मयुद्ध करायचं आहे, असं तीत होतं. आणि आपली सगळी उत्पादनं एकमेकांना बांधायची म्हणजे गिऱ्हाईक आपल्या व्यवस्थेत आणखी अडकून राहील, असंही होतं. त्याच वर्षीचा आणखी एक पत्रव्यवहार अमेरिकी न्याय खात्याने मार्च २०२४ मध्ये ॲपलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्याच्या तक्रारीत सुरुवातीलाच दिला आहे. ॲमेझॉनच्या किंडलच्या जाहिरातीत एक बाई आयफोनवर पुस्तक विकत घेऊन वाचते, आणि पुढे तेच पुस्तक अँड्रॉइड फोनवर वाचू लागते. ॲपलच्या एका बड्या अधिकाऱ्याने जॉब्जना कळवलं की आयफोनवरून अँड्रॉइडवर जाणं सोपं आहे, हा संदेश यातून स्पष्ट जातो आणि ते बघायला बरं वाटत नाही. जाहिरातीत फोनची निंदा नव्हती. वाईट वाटलं ते वाचक सहज निघून जाऊ शकतो याचं. २०११ मध्ये ॲपलच्या नियमांमुळे किंडलच्या आयफोन ॲपमधून पुस्तकखरेदीचं बटण गेलं. अमेरिकेत ते परतलं २०२५ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यातल्या आदेशानंतर.

तो खटला एपिक गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर भरलेला. त्यातून आयमेसेजची कथा उघड झाली. २०११ मध्ये ॲपलने ही संदेशसेवा आणली. आयफोनवरून आयफोनला गेलेला संदेश निळ्या चौकटीत, बाकीच्यांना गेलेला साधा एसएमएस हिरव्या. अमेरिकेत एसएमएस फार आधीपासून पॅकमध्ये अमर्याद मिळत असल्याने लोक फोनमधल्याच संदेशांवर राहिले होते, त्यामुळे निळा-हिरवा हा फरक तिथे रोजच्या जगण्यात शिरला. गटात एक जरी अँड्रॉइडवाला असला की व्हिडिओ धूसर व्हायचे, प्रतिक्रिया वेगळ्या संदेशासारख्या यायच्या. २०१३ मध्ये कंपनीतच सूचना आली की ही सेवा अँड्रॉइडवरही द्यावी. ॲपलचे एक वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिगी यांनी विरोध केला. आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांनी मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देण्यातला अडसर त्याने दूर होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. २०१६ मध्ये दुसरे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर यांनीही त्याने आपला तोटाच अधिक होईल असं कळवलं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. मुलाला कुठला फोन घ्यायचा हा आईबापांचा हिशेब, आणि त्या हिशेबाच्या आड एक अडसर जाणूनबुजून तसाच ठेवलेला. न्याय खात्याच्या तक्रारीत म्हटलं आहे की शाळकरी वयातल्या मुलांना हिरव्या चौकटीपायी गटातून वगळल्यासारखं वागवलं जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये एका परिषदेत एकाने ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना विचारलं की मी पाठवलेले व्हिडिओ माझ्या आईला नीट दिसत नाहीत, यावर काही कराल का. आईला आयफोन घेऊन द्या, असं उत्तर आलं. न्याय खात्याने ते उत्तरही तक्रारीत घातलं. खटला न्यू जर्सीच्या केंद्रीय न्यायालयात दाखल झाला. मराठी घरं जिथे दाट आहेत, तेच हे राज्य. तिथल्या मराठी आयांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायची गरज नाही. जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी खटला फेटाळण्याची ॲपलची विनंती नाकारली. मधल्या काळात, सप्टेंबर २०२४ पासून, आरसीएस ही नवी पद्धत स्वीकारून ॲपलने दोन्हींमधलं संदेशांचं दळणवळण बरंच सुधारलं. चौकट हिरवीच राहिली.

ॲपलची बाजू अशी की सगळं एकाच छताखाली असल्यानेच आमची उपकरणं सुरक्षित राहतात आणि एकमेकांशी छान जुळतात. यात तथ्य आहे. घड्याळ, फोन आणि लॅपटॉप एकमेकांना ओळखतात तेव्हा काम खरोखर हलकं होतं, आणि वयस्कर माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो. माझा आक्षेप जुळण्याला नाही, निघणाऱ्याची वाट अवघड करून ठेवण्याला आहे.

आपल्याकडे हे निळं-हिरवं प्रकरण कुणाच्या गावीही नाही. दिवाळीला, नववर्षाला एसएमएसचं पॅक चालायचं नाही, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर पडायचा, ते दिवस आठवत असतील. म्हणून व्हॉट्सॲप आल्यावर आपण सगळे तिकडे धावलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांचा आकडा ५३ कोटी सांगितला. फोन कुठल्याही कंपनीचा असो, आजीचा सुप्रभात सर्वांना सारखाच दिसतो. त्यामुळे इथे आयफोन घेणाऱ्याला निळ्या चौकटीची ओढ नसते. कॅमेरा असतो, टिकाऊपणा असतो आणि प्रतिष्ठाही असते. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा एक चाहता आपला जुना मॅकिंटॉश संगणक घेऊन आला होता आणि कुकही तो पाहून चकित झाले. तो माणूस मला न्यूटनवाल्यांच्या बिरादरीतला वाटतो.

पण व्हॉट्सॲपने आपल्याला मोकळं ठेवलं असं समजायचं कारण नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याने गोपनीयतेच्या अटी बदलल्या. संतापून पुष्कळांनी सिग्नल, टेलिग्राम उतरवून घेतलं. काही आठवड्यांत बहुतेक जण होते तिथेच दिसले. कारण सोसायटीचा ग्रुप तिथे, मुलाच्या वर्गाचा ग्रुप तिथे, दूधवाल्याचा हिशेब तिथे. एकट्याने निघून काय उपयोग? भारतीय स्पर्धा आयोगाने त्या अटींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. अँड्रॉइडचंही तेच. स्वस्त फोन उघडला की गुगलच्या ॲप्सचा संच आधीच बसलेला, काढता न येणारा. त्यावरून ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गुगलला १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड ठोठावला आणि अपिलातही तो कायम राहिला. कुंपण घालण्यात कुठलीच बाजू मागे नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये हे सगळं फार सुंदर मांडून ठेवलं आहे. नायजेरियाची रेल्वे इतकी वाईट का चालते, या कोड्यातून त्यांना विचार सुचला. त्यांना दिसलं की मालट्रकांची सोय असल्याने ज्यांनी तक्रार करून रेल्वेला सुधारायला भाग पाडलं असतं, ते आधीच निघून गेले होते. नाराज गिऱ्हाइकाकडे दोन मार्ग असतात: निघून जाणं किंवा बोलणं. निष्ठा माणसाला चटकन निघू देत नाही, म्हणून तो थांबून बोलतो, भांडतो, सुधारणा मागतो. कंपनीच्या दृष्टीने निष्ठावान गिऱ्हाइकाचं हे मोल आहे. पण त्याच्या बोलण्याला वजन येतं ते तो निघूनही जाऊ शकतो म्हणून. निघताच येत नसेल तर त्याची तक्रार ऐकायचं कंपनीला कारण उरत नाही. म्हणून चाहत्यांनीच सर्वांत आधी मोकळ्या वाटेची मागणी करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की जुन्या बॅटरीचे आयफोन ती मुद्दाम मंद करत होती, तेव्हा आपल्या फोनांची मोजमापं काढून तो प्रकार उघडकीला आणणारे आयफोनवालेच होते. प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनी नंतर फक्त टाळ्या पिटल्या.

वाट मोकळी करता येते, हे आपल्या देशाने करून दाखवलं आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर, नंबर तोच ठेवून मोबाईल कंपनी बदलण्याची सोय झाली. त्याआधी नंबर बदलेल या एका भीतीपोटी लोक वर्षानुवर्षं वाईट नेटवर्क सोसत होते. बँकेत तोच नंबर, गिऱ्हाइकांकडे तोच, पत्रिकेवर छापलेला तोच. आता १९०० ला एक संदेश पाठवला की प्रक्रिया सुरू होते. कंपन्यांनी हे आपण होऊन दिलं नव्हतं, नियामकाने द्यायला लावलं. चार्जरचंही तसंच. युरोपीय संघाने कायदा केला आणि सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी आलं. अँड्रॉइडचा चार्जर आयफोनला लागू लागला, बारीक पिनचे दिवस थोडेसे परत आले. मार्च २०२४ मध्ये युरोपच्याच नव्या कायद्यापायी ॲपलने लेखी दिलं की आयफोनमधली माहिती दुसऱ्या कंपनीच्या फोनवर नेणं सोपं करण्याचं काम ती करत आहे. व्हॉट्सॲपची चॅट आयफोनवरून अँड्रॉइडवर आणि उलट नेण्याची अधिकृत सोय २०२१-२२ मध्ये आली. त्याआधी फोनची जात बदलणारा माणूस गेलेल्या वडिलांचे शेवटचे संदेश जुन्या फोनातच ठेवून, तो फोन चार्ज करत बसायचा.

पुण्यात डेक्कनवरच्या एका दुकानात नुकतंच एका निवृत्त प्राध्यापकबाईंचं बोलणं कानावर आलं. आयफोन जुना झाला होता, आता अँड्रॉइड घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. कॅमेरे, मेगापिक्सेल यात त्यांना रस नव्हता. या फोनमधलं त्या फोनमध्ये काय काय येईल, एवढंच त्या विचारत होत्या. काउंटरवरचा मुलगा समजूतदार होता. फोटो येतील काकू, नंबर येतील, व्हॉट्सॲप केबल लावून येईल, पण वेळ लागेल. विकत घेतलेली ॲप्स नाही येणार, ती पुन्हा घ्यावी लागतील. हातातलं घड्याळ त्या फोनवर नाही चालणार. बाईंनी पिशवीतून वही काढली, दोन रकाने आखले आणि त्याला म्हणाल्या, पुन्हा सांग, सावकाश, आणि आता उलट्या बाजूनेही सांग. पुढे मला हाच फोन सोडून परत यायचं झालं, तर काय येईल?